कायदा पालटला, साथीदाराच्या शिक्षेचें काय?

कंधारच्या किल्ल्यानें अनेक राजवटी पाहिल्या, तसे कायदेही पाहिले. १९४८ पर्यंत हा तालुका निजामाच्या राज्यांत होता व तेथें हैदराबादचा स्वतंत्र फौजदारी कायदा चाले. १९५१ सालीं भारतीय दंडसंहिता लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. अशा वेळीं एक प्रश्न उभा राहतो. ज्यानें स्वतः घाव घातला नाहीं, परंतु जो गुन्हेगारांबरोबर गेला, त्या साथीदाराच्या शिक्षेचें काय होतें?

दरोड्याचें उदाहरण घ्यावें. पांच किंवा अधिक माणसांनीं मिळून दरोडा घातला आणि त्यांतील एकानें त्या वेळीं खून केला, तर सर्वच दोषी ठरतात. नुसता दिवा धरणाराही सुटत नाहीं. जुन्या संहितेच्या ३९६ व्या कलमांत यासाठीं मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होती. साथीदाराचा वांटा अल्प दिसल्यास न्यायाधीशास दहा वर्षांहून कमी शिक्षा देतां येत असे. नव्या संहितेच्या ३१० व्या कलमानें ती मोकळीक काढून घेतली. आतां सक्तमजुरी दहा वर्षांहून कमी असूं शकत नाहीं.

मात्र ही वाढ मागील गुन्ह्यास लागत नाहीं. कृत्याच्या वेळीं अमलांत असलेल्या कायद्याहून अधिक शिक्षा देण्यास राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदानें मनाई केली आहे. त्यामुळें जून २०२४ मधील दरोडा व जुलैमधील दरोडा यांचीं मापें निराळीं आहेत.

कायदा सौम्य झाला तर? एका सोळा वर्षांच्या मुलास शिक्षा झाल्यानंतर त्याच्या जिल्ह्यांत परिवीक्षेचा कायदा लागू झाला. अपिलांत त्याचा लाभ देतां येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६४ सालीं ठरविलें. परंतु अपील संपल्यावर हें द्वार बहुधा मिटतें. मग राज्यपाल, राष्ट्रपति किंवा सरकार यांच्याकडे शिक्षामाफी मागणें एवढेंच उरतें.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें २०१९ पासून याहून पुढें पाऊल टाकलें. खून न केलेला व तसा हेतूही नसलेला साथीदार तेथें जुनी शिक्षा पुन्हां न्यायालयापुढें नेऊं शकतो. गुन्ह्यांत प्रमुख भाग घेऊन दुसऱ्याच्या जिवाची पर्वा न करणाऱ्यास मात्र ही सवलत नाहीं.

आपल्याकडे ज्या घरचा माणूस तुरुंगांत आहे, त्या घरानें नव्या कायद्याची वार्ता ऐकून आशा किंवा धास्ती धरण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या: गुन्हा कोणत्या तारखेचा, आणि अपील चालू आहे कीं संपलें.