ध्रुवीय ढगांवर लेझरची नजर: चार दशकांचा मागोवा

मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा त्याच वऱ्हाडावर १६-१७ किलोमीटर उंचीवर हवा उणे ७५ ते ८० अंश असते. त्या गारठ्यात डोळ्यांना न दिसणारे, बर्फकणांचे पातळ ढग धरतात. ध्रुवांवर जवळपास तेवढ्याच थंडीत धरणाऱ्या ढगांनी मात्र जगाला घोर लावला.

१९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन दर वसंतात झपाट्याने घटतो, हे दाखवले. पुढच्याच वर्षी सुसान सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी कारण सुचवले. फ्रिजमधल्या सीएफसी वायूंतून आलेले क्लोरिन निरुपद्रवी संयुगांत अडकलेले असते. ध्रुवीय ढगांच्या कणांवर ते सुटते आणि सूर्य वर येताच ओझोन फोडू लागते.

हे ढग धरतात ध्रुवीय रात्रीत, १५ ते २५ किलोमीटरवर. सूर्यप्रकाशावर चालणारी उपकरणे तिथे हतबल होतात. लेझर आपला उजेड आपणच नेतो. झोत कणांवर आपटून परतायला किती वेळ लागला, यावरून ढगाची उंची कळते. परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाची दिशा, बदलले तर कण स्फटिक, न बदलले तर गोल थेंब. नव्वदच्या दशकात यातूनच उलगडा झाला, की हे ढग एका जातीचे नाहीत: नायट्रिक आम्लाचे स्फटिक, आम्लांचे अतिथंड थेंब आणि शुद्ध बर्फ. क्लोरिन किती वेगाने सुटणार, हे त्या जातीवर आणि थंडीवर ठरते.

अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावर इटालियन शास्त्रज्ञांनी १९९० पासून दोन दशके ही मोजणी चालवली. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पी. सी. एस. देवरा यांच्या गटाने ऐंशीच्या दशकातच लायडारने, म्हणजे अशाच लेझर उपकरणाने, हवेतले सूक्ष्म कण मोजायला घेतले. १९९८ मध्ये तिरुपतीजवळ गडंकीला भारत-जपान लायडार उभा राहिला. उष्ण कटिबंधातले, वऱ्हाडावर धरतात तसे पातळ ढग तिथून अभ्यासले गेले.

एका वर्षाच्या पावसावरून वऱ्हाडातला शेतकरी हवामान बदलले असे म्हणत नाही. ओझोनचेही तसेच आहे. अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या पातळीवर यायला साधारण २०६६ उजाडेल, असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. तो खरा ठरतो का, हे पाहायला तोवर मोजणी अखंड चालली पाहिजे. अमरावती-अकोल्यात आज भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी या कामात उतरावे, आणि त्यांना तशी संधी मिळावी.