हृदय थांबते तेव्हा : हातांचा दाब आणि हातांची उसंत

बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावरील होसकोटे हे गाव इतिहासप्रेमी मराठी वाचकांस शहाजीराजांच्या जहागिरीमुळे परिचित आहे. आज तेथे अवजड वाहनांचा कारखाना आहे, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकाही बोलावता येते. तथापि कारखान्याच्या आवारात अथवा निवृत्तिवेतनाच्या रांगेत एखाद्याचे हृदय अकस्मात बंद पडल्यास पहिली काही मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीच्याच हाती असतात. रक्तपुरवठ्याविना चार-पाच मिनिटांतच मेंदूस इजा पोहोचू लागते.

छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० साली दाखवून दिले. यांपैकी कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हे, तर विद्युत अभियंते होते, हे विशेष! पुढे तंत्र सुधारत गेले. पूर्वी पंधरा दाबांनंतर दोन श्वास देत. २००५ साली हे प्रमाण तीसास दोन झाले, कारण हात थांबताच रक्ताचा दाब कोसळतो आणि तो पुन्हा चढविण्यात अनेक दाब खर्ची पडतात. भारतातील भूलतज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर सामान्य नागरिकासाठी तोंडाने श्वास देण्याची अटच ठेवलेली नाही.

व्यक्ती हाकेस प्रतिसाद देत नाही आणि श्वास थांबला आहे किंवा नुसते आचके येत आहेत, असे दिसताच १०८ ला कळवून तिला टणक जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाकडील भाग टेकवून त्यावर दुसरा हात ठेवावा. कोपरे ताठ आणि खांदे हातांच्या सरळ वर असावेत, म्हणजे दाब दंडांच्या बळावर न पडता शरीराच्या भाराने पडतो. प्रौढ व्यक्तीसाठी खोली ५ ते ६ सेंटिमीटर आणि गती मिनिटाला १०० ते १२० असावी.

खरी चूक होते ती दाब सोडताना. घाईत मदतकर्ता छातीवर रेलूनच राहतो. वास्तविक छाती पूर्ण वर येते त्याच क्षणी हृदयात रक्त भरते. ते भरलेच नाही, तर पुढील दाबाने पुढे जाणार काय? म्हणून हात टेकलेले असले तरी त्यांवरचा भार प्रत्येक वेळी पूर्ण काढावा. दुसरी अडचण थकव्याची. दोनच मिनिटांत दाब उथळ होऊ लागतात आणि देणाऱ्यास ते जाणवतही नाही. त्यामुळे दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, मात्र या बदलात दहा सेकंदांहून अधिक वेळ जाऊ देऊ नये.

क्वचित बरगडी मोडल्याचा आवाज येतो. तो ऐकून थांबू नये. मोडलेली बरगडी सांधता येते.