तळ्याचा श्वास पहाटे मोजावा

कसारा मार्गावर टिटवाळ्यानंतरचे स्टेशन खडवली. पावसाळ्यात इथे उतरणारी बरीच माणसे भातसा नदीकडे वळतात. नदीचे पाणी गढूळ असो वा नितळ, ते वाहते. आज पडलेली घाण उद्या पुढच्या गावाची डोकेदुखी होते. तळ्याचे तसे नाही. खडवली-टिटवाळा पट्ट्यात, कल्याणात, ठाण्यात जी लहान तळी अजून उरली आहेत, त्यांत आलेले पाणी महिनोन्‌महिने तिथेच राहते. पाण्याबरोबर आलेला गाळ तर वर्षानुवर्षे हलत नाही.

अशा तळ्यात एखाद्या सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसले की पहिला संशय विषाचा येतो. कधी तो खराही ठरतो. पण पुष्कळदा घडते ते असे : दुपारी कोणीतरी बाटली भरून पाणी तपासायला नेते, त्यात प्राणवायू भरपूर निघतो, विषही सापडत नाही, आणि प्रकरण तिथेच मिटते. तपासणी चुकलेली नसते. चुकलेली असते ती वेळ.

हिरवे तळे दिवसा आणि रात्री वेगळे वागते. पाण्यातले सूक्ष्म शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करते. ३० अंश तापमानाच्या पाण्यात साधारणपणे लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो. पण शेवाळाने गच्च भरलेल्या तळ्यात दुपारी तीनला हा आकडा त्याच्याही कितीतरी वर जातो. सूर्य मावळला की कारखाना बंद. मग तेच शेवाळ, मासे आणि तळाच्या गाळातले जिवाणू असे सगळे मिळून साठा संपवू लागतात. पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी, तो सर्वांत खाली असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी किमान ४ मिलिग्रॅमची अट आहे. दुपारी ती सहज ओलांडणारे तळे पहाटे २ च्याही खाली असू शकते. तेव्हा मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. दोन-तीन दिवस आभाळ भरलेले राहिले, किंवा पहिल्या जोरदार पावसाने गटारातली घाण तळ्यात ओढून आणली, तर त्यांना तेवढाही अवसर मिळत नाही.

दुपारी आणखी एक गोष्ट होते. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे पाणी अल्कधर्मी होते आणि सांडपाण्यातून आलेल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो. म्हणजे मोजणी दोनदा हवी : एक पहाटे, एक दुपारी. दोन आकड्यांतला फरक जितका मोठा, तितके तळे जास्त आजारी.

यासाठी महागडी यंत्रेच लागतात असे नाही. हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये दिलेली पद्धत आजही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत चालते. काठावरच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. नेमका आकडा पुढे प्रयोगशाळेत काढता येतो, पण पांढरा साका पाहिल्यावर काठावरच्या माणसाला फारसे समजावून सांगावे लागत नाही. दुसरे साधन त्याहून जुने. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ फादर आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्राची पारदर्शकता मोजायला पांढऱ्या तबकड्या पाण्यात सोडल्या होत्या. तळ्यासाठी २० सेंटिमीटरची, काळे-पांढरे चतकोर रंगवलेली तबकडी वापरतात. खुणा केलेल्या दोरीने ती खाली सोडायची आणि कुठल्या खोलीवर दिसेनाशी होते ते वहीत लिहायचे. दर आठवड्याला, त्याच जागी, त्याच वेळी. एका दिवसाचा आकडा फारसे बोलत नाही. वर्षभराची वही बोलते.

मग उपाय. इथे बहुतेक पैसा चुकीच्या टोकाला जातो. ठाण्याच्या मासुंदा तलावात, म्हणजे कौपिनेश्वर मंदिरासमोरच्या तलावपाळीत, कारंजी आहेत. कारंजी आणि हवा सोडणारे पंप पहाटेचा कठीण काळ सावरायला मदत करतात. पण शेवाळ वाढते कशावर, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. मोरचूद टाकून शेवाळ मारणे तर अंगलट येऊ शकते, कारण एकदम मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाते.

शेवाळ कशावर वाढते, याचे उत्तर १९७३ मध्ये कॅनडातल्या एका लहान तळ्याने दिले. डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने क्रमांक २२६ च्या तळ्यात मधोमध पडदा घातला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन दिले, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली. हा फॉस्फरस तळ्यात येतो तो मलमूत्रातून, धुण्याच्या पावडरीतून, शेतातल्या खतातून. अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये तर प्रक्रिया केलेले सांडपाणीच जात होते, तरी तळे गढुळले. १९६३ ते १९६८ या काळात ते पाणी दुसरीकडे वळवले आणि तळे निवळले. सांडपाणी प्रकल्प बसवला म्हणजे तळे वाचले, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे : साधी प्रक्रिया दुर्गंधी घालवते, फॉस्फरस बराचसा तसाच सोडते. कोल्हापूरच्या रंकाळ्यातही हिरवा तवंग कितीही काढला तरी प्रश्न अखेर नाल्यांपाशीच येऊन थांबला.

माशांपुरतेच हे असते तरी एक वेळ चालले असते. पण हिरव्या रंगाच्या पातळ थरासारख्या साचणाऱ्या नील-हरित शेवाळांपैकी काही मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष तयार करतात. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरातील डायलिसिस केंद्रात अशा विषाने दूषित पाणी वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे. हे विष उकळल्याने जात नाही. उकळून जंतू मरतात, एवढेच. त्यामुळे तळ्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसत असेल तर ते पाणी पिऊ नये, मुलांना त्यात उतरू देऊ नये आणि गुरांनाही पाजू नये.

नाले वळवल्यावरही लहान, उथळ तळे लेक वॉशिंग्टनइतक्या लवकर सुधारत नाही. वर्षानुवर्षांचा फॉस्फरस तळाच्या गाळात असतो, आणि तळाशी प्राणवायू संपला की गाळ तो पुन्हा पाण्यात सोडतो. म्हणून आधी नाला बंद, मग उन्हाळ्यात गाळ बाहेर, हा क्रम पाळावा लागतो. उलट केले तर दोन पावसाळ्यांत पूर्वीसारखेच. गाळाला गिऱ्हाईक मात्र सहज मिळते. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहेच, आणि खडवलीच्या आसपास अजून भाताची शेते आहेत. जो फॉस्फरस तळ्याला जड जातो, तोच भाताला हवा असतो. फक्त तळ्यात शहराचे सांडपाणी किंवा मूर्तींचे रंग उतरत आले असतील, तर गाळ शेतात पसरण्याआधी त्यातले शिसे, पारा आणि कॅडमियम तपासून घ्यावे लागते.