सरासरीत हरवलेली पेशी

मंडळी, मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग स्वादुपिंडावर बोलायचा मला काय अधिकार? एक तर मला टाइप २ मधुमेह आहे. दुसरं म्हणजे, ‘हे आपल्याला कशावरून कळलं?’ हा प्रश्न माझ्याच विषयातला आहे.

१८६९ मध्ये बर्लिनला पाउल लँगरहान्स या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या पेशींच्या छोट्या पुंजक्यांची नोंद केली. त्यांना आज ‘लँगरहान्सची बेटं’ म्हणतात. ग्रंथीत त्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, अल्फा पेशी ग्लुकागॉन. आता गंमत बघा. इन्सुलिनचं जनुक अल्फा पेशीतही असतं, पण तिथं ते गप्प बसतं. जे जनुक काम करतं त्याच्या आरएनए प्रती निघतात. त्या प्रती वाचून मोजणं म्हणजे आरएनए सिक्वेन्सिंग.

पूर्वी अख्ख्या बेटांचा एकत्र अर्क काढून प्रती मोजत. समजा, मधुमेही दात्याच्या बेटांत इन्सुलिनच्या प्रती कमी भरल्या. का? बीटा पेशीच घटल्या, की पेशी तेवढ्याच आहेत पण प्रत्येक पेशी कमी काम करते? वर्गाची सरासरी उतरली, तर हुशार मुलं शाळा सोडून गेली की आहेत त्यांचेच मार्क घसरले, हे सरासरी सांगत नाही. आणि उपाय तर वेगळे आहेत ना! एकात पेशी वाचवायच्या, दुसऱ्यात मंदावलेल्या पेशींना पुन्हा कामाला लावायचं.

म्हणून एकेक पेशी वेगळी वाचायची. मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांच्या स्वादुपिंडातली बेटं घेतात, पेशी सुट्या करतात. एका पद्धतीत प्रत्येक पेशी तेलातल्या पाण्याच्या एका थेंबात अडकवतात. दर थेंबाचा बारकोड निराळा. मग सगळं एकत्र वाचलं तरी कुठली प्रत कुठल्या पेशीची, ते कळतं. २०१६ मध्ये मानवी बेटांवरचे असे बरेच अभ्यास प्रसिद्ध झाले.

पण फसगत इथंही होते. एका थेंबात दोन पेशी शिरतात. फुटलेल्या बीटा पेशींचा आरएनए द्रावात तरंगतो आणि भलत्याच थेंबात जातो, मग अल्फा पेशीच इन्सुलिन बनवतेय असा भास होतो. सुट्या करताना नाजूक पेशी मरतात. म्हणजे ‘प्रत्येक पेशी काय करते’ याचं उत्तर मिळालं, तरी ‘पेशी किती उरल्या’ यासाठी ऊतीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. शिवाय एकाच दात्याच्या पाच हजार पेशी वाचल्या, तरी माणूस एकच वाचला.

तेव्हा ‘मधुमेहाचं जनुक सापडलं’ अशी बातमी आली, की तीन गोष्टी विचारा : दाते किती होते? पेशी मोजल्या कशा? आणि ही सरासरी नेमकी कुणाची?

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.