वगळलेली चाचणी : ना पास, ना नापास

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेला एखादा मुलगा आलाच नाही, तर आम्ही त्याच्या नावापुढे शून्य लिहितो का? नाही. 'गैरहजर' लिहितो. सॉफ्टवेअरच्या चाचण्यांतही असा तिसरा शेरा असतो. त्याला 'स्किप' म्हणतात, म्हणजे वगळली. तो कधी द्यायचा, ते आज पाहू.

उदाहरण

महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. समजा, हवामान खात्याचे इथले रोजचे आकडे घेऊन महिन्याची बेरीज करणारा प्रोग्राम तुम्ही पायथनमध्ये लिहिला. त्याच्या पाच चाचण्या आहेत. तीन चाचण्या बेरीज तपासतात. उरलेल्या दोन, इंटरनेटवरून आकडे नीट येतात का ते बघतात.

आषाढातला धो धो पाऊस. लाइट गेली, नेटही गेलं. लॅपटॉपच्या बॅटरीवर तुम्ही चाचण्या चालवल्या आणि दोन नापास! आता चूक कोणाची? प्रोग्रामची की नेटची? नसलेली चूक शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

उपाय काय?

पायथनच्या 'युनिटटेस्ट'मध्ये २००९ साली आलेल्या ३.१ आवृत्तीपासून ही सोय आहे. 'स्किपइफ' म्हणजे अट खरी असेल तर वगळ. 'स्किपअनलेस' म्हणजे अट खरी नसेल तर वगळ. आपल्याला दुसरं हवं : नेट नसेल तर वगळ. दोन्हींत कारण लिहावंच लागतं. "नेट नाही" एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याला कळतं.

सावधान!

१. वगळायचं ते प्रोग्रामबाहेरची गोष्ट नसेल तेव्हाच. बेरीज चुकत असेल, तर ती चाचणी नापासच व्हायला हवी. चूक झाकायला 'स्किप' वापरणं म्हणजे पेपर अवघड म्हणून गैरहजर राहणं.

२. अशा वेळी अहवालाच्या शेवटी 'ओके (स्किप्ड=२)' असं येतं. घाईत आपण 'ओके' तेवढं वाचतो आणि कंस सोडून देतो. खरी बातमी त्या कंसात असते : दोन गोष्टी अजून तपासलेल्याच नाहीत.

म्हणून प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी, नेट असलेल्या ठिकाणी पाचही चाचण्या एकदा चालवा. कंस दिसता कामा नये. गैरहजर मुलाला आपण नापास करत नाही हे खरं, पण त्याची फेरपरीक्षा घेतल्याशिवाय वरच्या वर्गातही बसवत नाही.