महाविद्यालयीन विद्यार्थी आणि आत्मादर

आपल्या योग्यतेविषयी मनुष्याच्या स्वतःच्या मनात जी किंमत असते, तिला आत्मादर म्हणतात. गर्व तो हा नव्हे. गर्विष्ठ मनुष्य स्वतःस इतरांहून थोर समजतो. आत्मादर असलेला मनुष्य स्वतःस टाकाऊ समजत नाही, एवढेच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली आत्मादर मोजण्यासाठी दहा विधानांची एक मोजपट्टी तयार केली. तिचा रोखही श्रेष्ठत्वाकडे नसून बरोबरीकडे आहे.

ही किंमत ठरते कशी? मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली तिचे गणित मांडले : मिळालेल्या यशाला बाळगलेल्या अपेक्षेने भागावे, म्हणजे आत्मादर येतो. यश तेवढेच राहून अपेक्षा वाढली, की भागाकार उतरतो. दर्यापूर किंवा मूर्तिजापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यात शाळेत सदैव पहिला आलेला मुलगा अमरावतीच्या वा अकोल्याच्या महाविद्यालयात येतो. येथे वर्गात त्याच्यासारखे पहिले आलेले पुष्कळ असतात. त्याचे ज्ञान तिळमात्र कमी झालेले नसते. बदललेली असते ती तुलना. हर्बर्ट मार्श यांच्या संशोधनात हेच आढळले. सारख्याच कुवतीच्या दोन विद्यार्थ्यांपैकी जो अधिक हुशारांच्या संगतीत शिकतो, तो आपल्या बुद्धीस कमी लेखतो. पहिल्या सहामाहीत खचलेला विद्यार्थी निर्बुद्ध असतोच असे नाही. पुष्कळदा तो केवळ नव्या मापाने मोजला जात असतो.

दुसरे कारण इतरांच्या नजरेचे. लोक आपल्याला कसे पाहतात याविषयीच्या कल्पनेतून मनुष्य स्वतःचे रूप ठरवितो, असे चार्ल्स कूली यांनी १९०२ साली प्रतिपादिले. वऱ्हाडच्या विद्यार्थ्यास या आरशाचा पहिला अनुभव बहुधा भाषेमुळे येतो. वर्गात ‘मला’ऐवजी ‘मले’ हा शब्द तोंडून गेला आणि मागच्या बाकावर हशा पिकला, की तो पुन्हा प्रश्न विचारण्यास उठत नाही. प्रश्न न विचारल्याने विषय कच्चा राहतो, कच्चेपणामुळे गुण घटतात आणि घटलेले गुण पाहून त्या हसणाऱ्यांचेच खरे होते असे त्यास वाटू लागते.

वास्तविक लाज वाटावी असे येथे काहीच नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केला, तो अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या १९६० सालच्या कादंबरीतील माणसे वऱ्हाडीच बोलतात, आणि मराठीतील उत्तम कादंबऱ्यांत तिची गणना होते. प्रमाण मराठी व इंग्रजी विद्यार्थ्याने अवश्य आत्मसात करावी. परंतु त्यासाठी आईची बोली हिणकस मानण्याचे कारण नाही.

तिसरे कारण घरचे. कापसाच्या पैशांतून शुल्क भरले गेले आहे, एखादे वर्ष पावसाने दगा दिल्यामुळे उसनवारी झाली आहे, हे मुलास ठाऊक असते. प्रत्येक गुणपत्रिका मग त्यास कर्जाच्या हप्त्यासारखी भासते. मुलीच्या वाट्यास याहून कठीण स्थिती येते. एक वर्ष वाया गेले तर शिक्षण थांबून लग्नाची बोलणी सुरू होतील, ही धास्ती तिच्या मनात असते. जेनिफर क्रॉकर यांच्या अभ्यासात असे दिसले, की ज्या विद्यार्थ्यांचा आत्मादर केवळ गुणांवर अवलंबून असतो, त्यांचे मन प्रत्येक निकालासरशी वरखाली होते. सारा भार एकाच खुंटीवर टांगला, की खुंटीबरोबर तोही खाली येतो.

मग मुलांची तोंड भरून स्तुती करावी काय? रॉय बाउमाइस्टर व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली या विषयावरील उपलब्ध संशोधन तपासले. आत्मादर वाढविल्याने अभ्यास सुधारतो, या समजुतीस त्यात आधार मिळाला नाही. उलट चांगल्या कामगिरीमागून आत्मादर येतो, असेच अधिक दिसले. पोकळ स्तुती निरुपयोगी. अंगी आलेले एखादे कौशल्य मात्र टिकते.

हे तत्त्व वऱ्हाडास अपरिचित नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून तरुणांस अंगबळाची व कसरतीची खुंटी दिली. १९३६ साली तेथील पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखविले. पापळसारख्या खेड्यातून ऑक्सफर्डपर्यंत गेलेले डॉ. पंजाबराव देशमुख परतल्यावर त्यांनी अमरावतीस सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. एका पंगतीस बसणाऱ्या मुलास आपण इतरांच्या बरोबरीचे आहो, हे व्याख्यानातून शिकवावे लागत नाही. पुढे १९६९ साली अकोल्यास कृषिविद्यापीठ स्थापन झाले. बापाची शेती सांगताना जो मुलगा अन्यत्र अडखळतो, त्याचे शेतीचे ज्ञान तेथे अभ्यासाचा पाया ठरते.

कुटुंबांनी यावरून एवढेच घ्यावे : मुलाची तुलना शेजाऱ्याच्या मुलाशी न करता त्याच्या गेल्या वर्षाच्या प्रगतीशी करावी, अभ्यासाखेरीज एखादी कला, खेळ वा काम त्याच्या हाती असू द्यावे, आणि निकालाच्या दिवशी गुण विचारण्यापूर्वी तो जेवला काय, हे विचारावे. सुटीत घरी आलेला बोलका मुलगा एकाएकी अबोल झाला, तर त्यास आळशी म्हणण्याची घाई करू नये. त्याच्याजवळ बसावे, आणि गरज भासल्यास जाणत्या डॉक्टराचा सल्ला घ्यावा. गेलेले गुण पुढील परीक्षेत भरून निघतात. मनातून उतरलेली स्वतःची किंमत भरून येण्यास फार दिवस लागतात.