लाकडाचे वैर ओलाव्याशी

विळी होती तोवर भाजी चिरायला फळी लागत नव्हती. खाली बसायचे, भाजी हातात धरायची, पात्यावरून फिरवायची आणि फोडी ताटात पाडायच्या. स्वयंपाक ओट्यावर उभ्याने होऊ लागला, विळीची जागा सुरीने घेतली आणि सुरीपाठोपाठ फळी आली. पण विळी कशी पुसावी, कशी आडवी ठेवावी हे आजीने शिकवले होते. फळीचे कोणी शिकवले नाही. ती बिचारी खरकट्या भांड्यांखाली सिंकमध्ये भिजत पडते, काळवंडते, वाकते. मग 'लाकूड घाणच' असा शिक्का मारून आपण प्लास्टिकची फळी आणतो.

हा शिक्का कितपत खरा? अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात दिसले, की जंतू ओलाव्याबरोबर लाकडात ओढले जातात, पण तेथे वाढत नाहीत, हळूहळू मरतात. प्लास्टिक नवे असेतो सहज धुतले जाते. सुरीचे चरे पडले की त्यांत अडकलेले जंतू हाताने घासून निघणे कठीण.

म्हणून लाकडाला माफी मात्र नाही. कच्च्या मांस-मासळीची फळी वेगळी आणि कोशिंबिरीच्या काकडीची वेगळी, हा नियम लाकूड असो वा प्लास्टिक, पाळायलाच हवा. ज्या फळीवर कच्ची कोंबडी कापली, तिच्यावरच नंतर टोमॅटो चिरला, तर दुखणे थेट मुलांच्या ताटात जाते.

काम संपताच फळी गरम पाणी, साबण आणि ब्रशने दोन्ही बाजूंनी धुवावी. एकच बाजू भिजली की ती फुगते आणि फळी वाकते. मग पुसून, हवा लागेल अशी उभी ठेवावी. कडक उन्हात मात्र नको, तडे जातात. कांदा-लसणाचा वास राहिला तर जाडे मीठ टाकून अर्ध्या लिंबाने चोळावे. त्याने वास जातो. जंतूंसाठी साबणच हवा.

पाण्याचा थेंब फळीत लगेच जिरू लागला, की तिला तेल हवे आहे असे समजावे. शेंगदाण्याचे वा सूर्यफुलाचे तेल कालांतराने खवट होते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन चांगले. फळी पूर्ण कोरडी करून, रेषांच्या दिशेने तेल चोळावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी जादा तेल पुसून टाकावे. रंगाच्या दुकानातले 'बॉइल्ड' जवस तेल नको. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची संयुगे घातलेली असू शकतात. खोल चरे पडले तर सुताराकडून रंधा मारून घ्यावा. फळी चिरफाळली असेल तर मात्र तिला निरोप द्यावा.

सासूबाईंचे पोळपाट सुनेच्या हाती येते आणि तिच्याही संसाराला पुरते. त्याला पाण्यात भिजत कोणी टाकत नाही, एवढेच त्याचे रहस्य. फळीची मागणी तरी यापेक्षा वेगळी कुठे आहे?